मँगाचं परीक्षण पेपरात का येत नाही?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सहकारनगरमध्ये 1998 पासून मी एक छोटं वाचनालय चालवतेय. आपल्या पेपरचे दोन अंक आमच्याकडे येतात, एक घरी आणि एक वाचनालयाच्या टेबलावर, आणि रविवारच्या पुरवणीतलं पुस्तकांचं पान मी पेन हातात घेऊन वाचते कारण त्यावरूनच माझी महिन्याची खरेदी ठरते. ज्याच्यावर खूण केली ते पुस्तक सोमवारी, आमची सुट्टी असते म्हणून, अप्पा बळवंत चौकातून आणायचं असा इतक्या वर्षांचा शिरस्ता आहे. तुमच्या पानावर माझा भरवसा आहे म्हणूनच हे पत्र लिहितेय.

गेल्या रविवारी त्या पानावर खाली एक चौकट होती, सुट्टीत मुलांना काय वाचायला द्यावं. त्यात शेवटची दोन वाक्यं कॉमिक्सबद्दल होती, की चित्रं बघत बघत मुलं हळूहळू खऱ्या पुस्तकांकडे वळतात त्यामुळे कॉमिक्सला नाही म्हणू नका. एवढंच. कोणतं कॉमिक, कोणाचं, कितवीतल्या मुलाला, केवढ्याला मिळतं, काहीच नाही. आणि ते "खऱ्या पुस्तकांकडे" वाचून मला मनापासून वाईट वाटलं, कारण माझ्याकडे आज जी मुलं कोणी न पाठवता स्वतःहून येतात ना, त्यातली निम्म्याहून जास्त मँगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, न्यायला येतात, आणि त्यातले बरेच जण आता लहानही राहिलेले नाहीत, इंजिनिअरिंगला आहेत, एक जण हिंजवडीत नोकरी करतो आणि दर शनिवारी तेवढ्यासाठी बाइकवरून येऊन दोन भाग घेऊन जातो.

माझं मागणं सरळ आहे. महिन्यातून एकदा तरी अर्धं पान कॉमिक्स, मँगा आणि ग्राफिक नॉव्हेलच्या (चित्रांतून गोष्ट सांगणाऱ्या मोठ्या पुस्तकांच्या) बातम्यांना आणि परीक्षणांना द्या, आणि ते बालविभागात न टाकता पुस्तकांच्या पानावर द्या.

का, ते सांगताना आधी माझी स्वतःची चूक सांगते. पाच-सहा वर्षांपूर्वी मी मँगा ठेवायला सुरुवात केली तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं, चित्रं आहेत म्हणजे मुलांचं अशीच माझीही समजूत होती. कॉलेजातल्या एकाने जुंजी इतोचं 'उझुमाकी' मागितलं होतं म्हणून आणलं, जाडजूड देखणं पुस्तक, आणि लहान मुलांच्या कपाटात ठेवून दिलं. ते पाचवीतल्या एका मुलीने नेलं. दोन दिवसांनी तिचे बाबा आले, पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "काकू, तुम्ही हे स्वतः उघडून बघितलंत का हो?" मी बघितलं नव्हतं. मुलगी दोन रात्री धड झोपली नव्हती. मी त्यांची माफी मागितली आणि त्या रात्री ते पुस्तक घरी नेऊन वाचलं.

एका छोट्या गावाला एका आकाराचा शाप लागतो, चकलीसारख्या गोल गोल आत जाणाऱ्या वळणाचा, एवढीच गोष्ट. ते वळण धुरात दिसायला लागतं, पाण्यात दिसतं, केसांत येतं, मग माणसांच्या अंगात शिरतं. दाराआड लपलेलं भूत नाही, सुरा घेऊन फिरणारा कोणी नाही, आणि तरी पान उलटायची भीती वाटते कारण इतो भयंकर चित्र बरोब्बर पान उलटल्यावर समोर येईल असं ठेवतो, आपल्याच हाताने आपण ते उघडतो. मी रात्री दीडपर्यंत वाचत होते. पाचवीतल्या मुलीच्या हातात ते अजिबात जाऊ नये, आणि ज्यांना भयकथा आवडतात त्या मोठ्या माणसांनी ते सोडू नये, हे दोन्ही मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. कादंबरीच्या बाबतीत ते तुमचं पान सांगतं. इथे कोणीच सांगत नाही.

मग मुलांनीच मला शिकवलं. जपानमध्ये मँगा आधी मासिकांत-साप्ताहिकांत येतो आणि ती मासिकंच वाचकांप्रमाणे वेगळी असतात, शाळकरी मुलग्यांसाठी शोनेन, मुलींसाठी शोजो, मोठ्या पुरुषांसाठी सेइनेन, मोठ्या बायकांसाठी जोसेइ. इंग्रजी भागांच्या मागच्या कव्हरवर बारीक अक्षरात वयाचा शिक्का असतो, टीन, टीन प्लस, मॅच्युअर असा. आता मी तो बघितल्याशिवाय पुस्तक कपाटात लावत नाही. पण पालकांना हे कोण सांगणार? माझ्याकडे येणारे निम्मे आईबाबा विचारतात, याचं हे कार्टूनचं वेड कधी सुटणार, आणि उरलेले निम्मे काहीही न बघता जे मागेल ते ऑनलाइन मागवून देतात. दोघांनाही चारशे शब्दांचं एक प्रामाणिक परीक्षण उपयोगी पडेल.

बरं, पैशाचाही प्रश्न आहे आणि तो लहान नाही. एइचिरो ओडाचं 'वन पीस' 1997 पासून चालू आहे, शंभरच्या वर भाग झालेत आणि अजून संपलेलं नाही. एका भागाचे साधारण साडेचारशे रुपये धरले तरी पहिल्या शंभर भागांचे 45 हजार होतात आणि माझं पुस्तकांचं महिन्याचं बजेट चार हजार आहे. त्याउलट 'डीमन स्लेयर' 23 भागांत 2020 सालीच संपलंय, म्हणजे दहा हजारांच्या आसपास. 'डेथ नोट' 12 भागांत आटपतं. ओसामु तेझुकांचं 'बुद्ध' इंग्रजीत 8 भागांत आहे. 'उझुमाकी' एका खंडात. कुठली मालिका पूर्ण झालीय, कुठली अजून चालू आहे, कुठली दहाव्या भागानंतर पाणी घातल्यासारखी लांबत जाते, हे मला खरेदीच्या आधी कळायला हवं, आणि मला म्हणजे फक्त मला नाही, शाळांच्या लायब्ऱ्या आहेत, सोसायट्यांच्या लायब्ऱ्या आहेत, पोराच्या वाढदिवसाला काय घ्यावं म्हणून दुकानात गोंधळून उभे राहिलेले काका-मामा आहेत. मी एकदा मुलांच्या आग्रहाखातर एका मालिकेचे सलग नऊ भाग घेतले आणि चौथ्याच्या पुढे कोणी नेलेच नाहीत, ते अजून कोरे करकरीत आहेत.

आणि फुकट वाचायचं म्हटलं तर मुलं फोनवर चोरीच्या साइटींवर वाचतात, हेही मला ठाऊक आहे, ती लपवतही नाहीत. त्यांना रागावून काय होणार, पर्याय सांगायला हवा. जपानच्या शुएइशा प्रकाशनाचं स्वतःचं 'मँगा प्लस' नावाचं अ‍ॅप 2019 पासून आहे, त्यावर बऱ्याच मालिकांची पहिली तीन आणि सगळ्यात नवी तीन प्रकरणं फुकट आणि कायदेशीर वाचता येतात, जपानमध्ये येतात त्याच दिवशी. हे मला एका नववीतल्या मुलाने दाखवलं. ही पेपरात यायची बातमी आहे की नाही, तुम्हीच सांगा.

बातम्यांवरून आठवलं. 'ड्रॅगन बॉल' हा मँगा लिहिणारे-काढणारे अकिरा तोरियामा 1 मार्च 2024 ला वयाच्या 68 व्या वर्षी गेले आणि जगाला ते 8 तारखेला कळलं. त्या संध्याकाळी माझ्याकडे तीन मुलं आली, एकाचे डोळे सुजलेले, आणि मला विचारायला लागली की काकू उद्या पेपरात येईल ना. मी म्हटलं येईल की, एवढा मोठा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दार उघडलं तर तिघं पायरीवर बसलेली. टेबलावर येतात ते सगळे पेपर आम्ही पानं उलटून बघितले. एकात, आतल्या पानावर, चार ओळी होत्या. त्यांनी मला विचारून त्या कापून घेतल्या आणि 'ड्रॅगन बॉल'च्या पहिल्या भागाच्या आतल्या बाजूला चिकटवल्या, अजून आहेत तिथे.

त्या चार ओळींच्या जागी केवढं लिहिता आलं असतं. 'ड्रॅगन बॉल' 1984 ते 1995 चाललं, 42 भाग झाले, आणि त्याचं मूळ आहे सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीत, ज्यात एक भिक्षू धर्मग्रंथ आणायला पश्चिमेकडे निघतो आणि सोबत एक अचाट ताकदीचं माकड असतं. तोरियामांचा गोकू म्हणजे ते माकड. आणि तो भिक्षू कोण? आपला शाळेच्या इतिहासातला ह्युएन त्संग! तोच सातव्या शतकात भारतभर फिरला, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात महाराष्ट्रात आला आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही सोडत नाहीत असं लिहून गेला. हे त्या तिघांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं, काकू खरंच? ज्या मुलाला इतिहासाचं पुस्तक नकोसं होतं तो ह्युएन त्संगवर काही आहे का विचारायला लागला. एका मराठी पेपरच्या मृत्युलेखात हा धागा आला असता तर मुलांचं सोडा, त्यांच्या आजोबांनीही तो वाचला असता.

तसंच गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये 'डीमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा इथे लागला, आमची अर्धी मुलं पहाटेच्या शोला जाऊन आली. सिनेमाबद्दल, गर्दीबद्दल पेपरांनी लिहिलं, चांगलं लिहिलं. पण ज्या मँगावरून तो सिनेमा आला तो लिहिणाऱ्या-काढणाऱ्या कोयोहारू गोतोगे, त्यांनी 2016 ला सुरू करून चार वर्षांत गोष्ट जिथे संपायला हवी तिथेच संपवली, एवढी लोकप्रिय मालिका लांबवत नेली नाही, त्यांच्याबद्दल एक ओळ मला कुठे दिसली नाही. कादंबरीवर सिनेमा निघाला की आपण लगेच मूळ कादंबरीचा लेख देतो ना, मग इथे का नाही.

आता परीक्षण कसं असावं याबद्दल थोडं बोलते, कारण मला याचीच जास्त काळजी आहे. क्वचित कधी कुठे ग्राफिक नॉव्हेलवर लिहून येतं तेव्हा लिहिणारा सगळी गोष्ट सांगतो आणि शेवटी "चित्रंही उत्तम आहेत" असं म्हणून मोकळा होतो. हे म्हणजे गाण्याच्या कार्यक्रमाबद्दल लिहिताना नुसते शब्द सांगायचे आणि सूरही चांगले लागले म्हणायचं. इथे चित्र हीच भाषा आहे. एका पानावर किती चौकटी आहेत, कुठे पाच चौकटी कोणी एक शब्द बोलत नाही, दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या पट्टीत किती वेळ गेला, हे सगळं वाचावं लागतं. पुण्याला हे अवघड वाटायचं कारण नाही, शि. द. फडणीसांची एकही शब्द नसलेली हास्यचित्रं आपण पिढ्यान्पिढ्या वाचत आलोय, आणि केळकर म्युझियममध्ये जुन्या चित्रकथ्या आहेत, एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगायची ती कला, पिंगुळीला ती अजून जिवंत आहे, तिथल्या परशुराम गंगावणेंना 2021 ची पद्मश्री मिळाली.

तेझुकांच्या 'बुद्ध'चंच बघा. मी आधी धार्मिक चरित्र समजून हातात घेतलं. सुरुवात होते बर्फातून, भुकेने पडलेला एक म्हातारा साधू, त्याला वाचवायला अस्वल मासे आणतं, कोल्हा फळं आणतो, सशाला काहीच मिळत नाही, मग ससा त्याला आग पेटवायला लावतो आणि स्वतः त्यात उडी घेतो. ही पानं जवळजवळ नि:शब्द आहेत. जातककथेतला ससा आपल्याला माहीत असतो, तरी तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ. पुढे अख्खा पहिला भाग होत आला तरी सिद्धार्थाचा पत्ता नाही, गोष्ट आहे चाप्रा नावाच्या गुलाम पोराची आणि तत्ता नावाच्या अस्पृश्य पोराची, म्हणजे तेझुका आधी दाखवतात की बुद्ध यायची गरज का होती, आणि मग तो जन्मतो. मला न आवडलेलंही सांगते, ऐन गंभीर प्रसंगात ते आजच्या काळातले विनोद घुसवतात आणि काही ठिकाणी त्याने रसभंग होतो, जपानी वाचकाला ते चालत असेल, मला नाही चाललं. पण 1972 ते 1983 अकरा वर्षं एक जपानी माणूस आपल्या मातीतली जात आणि भूक काढत बसला होता, आणि त्याच्यावर मराठीत बोलायला आपल्याकडे अर्धं पान नसावं?

आणि दूर जपानला कशाला जायचं, आपल्या गंज पेठेतल्या माणसाचं सांगते. जोतिबांच्या 'गुलामगिरी'वर 2011 साली इंग्रजीत ग्राफिक पुस्तक आलं, 'अ गार्डनर इन द वेस्टलँड', श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांचं, दिल्लीच्या नवयान प्रकाशनाचं. मूळ पुस्तक मराठी, 1873 चं, फुलेवाडा माझ्या वाचनालयापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, आणि मला ते पुस्तक आहे हे कळलं आमच्याकडे येणाऱ्या एका एम.ए. करणाऱ्या मुलीकडून, पुस्तक निघून कित्येक वर्षं झाल्यावर. 'गुलामगिरी' मुळातच जोतिराव आणि धोंडिबा यांचा संवाद आहे, म्हणजे प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर, ते कॉमिकच्या फुग्यांत इतकं सहज बसतं की हे आधी कोणाला कसं सुचलं नाही असं वाटतं. त्याच वर्षी त्याच प्रकाशनाचं 'भीमायन' आलं, बाबासाहेबांवरचं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी काढलेलं. त्यात सरळ रेषेच्या चौकटीच नाहीत, गोंड नक्षीच्या वळणांनी प्रसंग वेगळे केलेत, आणि बोलण्याचे फुगे बघा, मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि जातीवरून टोचून बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. आमच्या वाचनालयात झाडलोट करायला येणाऱ्या मावशींना इंग्रजी येत नाही, त्यांनी ते पान बघितलं आणि बोट ठेवून विचारलं, हा विंचू कशाला काढलाय, मी सांगितलं, तर म्हणाल्या बरोब्बर काढलंय. या दोन्ही पुस्तकांबद्दल मराठी माणसाला मराठीतून वेळेवर कळायला हवं होतं.

मला माहितीये की एक आक्षेप येणार, मराठीत ही पुस्तकं येतच नाहीत मग परीक्षणं कशाला. पण इंग्रजी कादंबऱ्यांची परीक्षणं तुम्ही छापताच की. आणि मराठीत येत नाहीत याचं एक कारण असं की कोणाला विचारलं तर प्रकाशक म्हणतात मागणी दिसत नाही, आणि मागणी दिसणार कशी, जर त्यावर कुठे बोललंच जात नाही. बंगालीत नारायण देबनाथांचं 'हांदा भोंदा' 1962 ला सुरू झालं, त्या माणसाने पन्नास-पन्नास वर्षं मालिका चालवल्या आणि त्यांना पद्मश्री मिळाली. तमिळमध्ये शिवकाशीहून 1972 पासून 'मुत्तु कॉमिक्स' येतात, युरोपातली कॉमिक्स तमिळमध्ये, आणि त्यांचे जुने वाचक आता आजोबा झालेत. आपल्याकडेही माझ्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ मराठीत यायचा, आमच्या वाड्यात एक अंक सात घरांत फिरायचा, 1990 ला ते बंद पडलं. आणि पेपरवाल्यांनी तर ही ताकद स्वतः बघितलीये. 1991 ला पुण्याच्या पेपरात 'चिंटू' सुरू झाला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा, तेव्हा आमच्या घरात पेपर आला की पहिल्यांदा चिंटू कोण वाचणार यावरून भांडणं व्हायची, सासरे हेडलाइन नंतर बघायचे.

जपानमध्ये तर पेपर आणि मँगा यांचं जुनं नातं आहे. माचिको हासेगावांची 'साझाए-सान' ही एका गृहिणीच्या घरातली चार चौकटींची मालिका, 1946 ला एका स्थानिक पेपरात सुरू झाली, नंतर 'असाही शिंबुन'सारख्या राष्ट्रीय पेपरात 1974 पर्यंत चालली. आणि तोच 'असाही शिंबुन' 1997 पासून दरवर्षी तेझुकांच्या नावाने मँगासाठी पुरस्कार देतो. पेपर स्वतः देतो! अमेरिकेत आर्ट स्पीगलमनच्या 'माउस'ला 1992 सालीच पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला, हिटलरच्या छळछावणीतून वाचलेल्या बापाची गोष्ट, ज्यू म्हणजे उंदीर आणि नाझी म्हणजे मांजरं. हे पुस्तक माझ्याकडे दोन प्रती ठेवूनही कायम बाहेर असतं.

पुण्याबद्दल अजून एक, आणि हे मला फार दिवस सांगायचंय. या शहरात जपानी शिकणारे किती आहेत बघा. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्ग चालतात, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात चालतात, सिंहगड रोडची पु. ल. देशपांडे बाग म्हणजे ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली आहे, 2006 पासून आपण तिथे फिरायला जातो. इथे जपानीतून थेट मराठीत मँगा आणू शकतील अशी माणसं आहेत, इंग्रजीचा वळसा घ्यायची गरज नाही. 'तोत्तोचान' मराठी घराघरात आहेच ना. आणि मी तर म्हणते मराठीत मँगा इंग्रजीपेक्षा चांगला उतरेल. आमच्याकडे येणारी एक जपानी शिकवणारी बाई आहे, तिने एकदा मुलांना बसवून आवाजांचे शब्द समजावले. छातीत होतं ते जपानीत दोकी दोकी, आपल्याकडे धडधड. ढगांचं गोरो गोरो, आपलं गडगड. चकाकणाऱ्या वस्तूचं किरा किरा, आपलं लखलख. दोन्ही भाषा शब्द दुहेरी करून आवाज काढतात, इंग्रजी भाषांतरात तिथे नुसता एक कोरडा शब्द येतो. जपानीत शांततेलाही आवाज आहे, शीsssन, चित्रात रिकाम्या खोलीवर तो लिहिलेला असतो. त्याला मराठीत काय म्हणायचं यावर त्या दिवशी मुलं पाऊण तास भांडली, कोणी म्हणे सुन्न, कोणी म्हणे चिडीचूप, एकीने सुचवलं की काहीच लिहू नये, खोली मोठी काढावी. अडचणीही आहेत, मँगा उजवीकडून डावीकडे वाचतात, मी पहिल्या पानावर "मागून उघडा" अशी चिठ्ठी लावते, आणि जपानी उभं लिहितात त्यामुळे फुगे उभट अरुंद असतात, त्यात आपली आडवी देवनागरी, वर वेलांट्या खाली उकार, बसवायची म्हणजे अक्षर लिहिणाऱ्याची कसोटी लागेल. असं कोणी करून बघितलं तर ते जमलं की नाही हे सांगायलाही परीक्षण लागेल.

आणि चांगलंच म्हणा असं माझं म्हणणं नाही. थोर पुरुषांच्या चरित्रांची जी कॉमिक्स मराठीत निघतात त्यातली कितीतरी फार वाईट असतात, सगळे जण फोटोला उभे राहिल्यासारखे, फुग्यात अर्धं पान मजकूर, आणि आता तर कम्प्युटरने काढून घेतलेली चित्रं येतात ज्यात मावळ्याच्या हाताला सहा बोटं. ते वाईट आहे असं तुमच्या पानावर स्पष्ट छापून आलं तर पुढच्या वेळी प्रकाशक चित्रकाराला नीट पैसे देईल.

लिहिणार कोण असं म्हणाल तर अभिनव कला महाविद्यालयात चित्रकलेची मुलं आहेत, अ‍ॅनिमेशन शिकणारी आहेत, जपानी शिकणारी आहेत, त्यांना विचारा, साहित्याच्या प्राध्यापकांनाही विचारा पण एकट्या त्यांच्यावर सोडू नका. प्रत्येक परीक्षणाखाली चार गोष्टी हव्यातच, वय, किंमत, एकूण किती भाग, आणि मालिका संपलीये का. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो तेव्हा तर कुठल्या स्टॉलवर काय आलंय एवढं जरी दिलंत तरी मुलं कात्रण खिशात घालून जातील.

पुस्तकं विकत घेऊन परीक्षण लिहायला देणं परवडत नसेल तर माझ्याकडे या. सध्या सव्वादोनशेच्या आसपास मँगा आणि ग्राफिक नॉव्हेल आहेत, वर सांगितलेली सगळी त्यात आहेत, तुम्ही ज्याला पाठवाल त्याला मी डिपॉझिट न घेता बसून वाचू देईन, खिडकीजवळचं टेबल सकाळी मोकळं असतं. वेळ सकाळी 9 ते 12, संध्याकाळी 5 ते 8. सोमवारी बंद. 'माउस' हवं असेल तर आधी कळवा, दोन्ही प्रती बाहेर आहेत.

आपली,
एक वाचनालय चालवणारी वाचक,
सहकारनगर, पुणे